पाठीवरचा संसार

शनिवारी पहाटे साताऱ्याच्या एस. टी. स्थानकावर गेलात, तर एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. महाबळेश्वरच्या नाहीतर बामणोलीच्या गाडीची वाट पाहत दहा-बारा तरुण मंडळी उभी असतात. पाठीवर फुगलेल्या सॅक, एखाद्या सॅकला बाहेरून बांधलेले पातेले, कुणाच्या हातात आणखी एक कापडी पिशवी. सांगली-मिरजेकडून आलेली मंडळीही त्यांत असतात. बोलणे चाललेले असते ते असे : "चहापावडर कुणी घेतली?" "तू आणणार होतास ना?" "आणि मीठ?" मिठाच्या नावाने सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मग कोणीतरी स्थानकासमोरच्या दुकानाकडे पळतो. मौज अशी, की गडावर गेल्यावर याच मंडळींच्या सामानातून पत्त्यांचे तीन जोड निघतात!

डोंगरात घोळक्याने चालत जायचे आणि तिथेच मुक्काम करायचा, तर सामान कसे बांधावे, हा आजचा आपला विषय. विषय दिसायला किरकोळ आहे. यादी करावी, पिशवी भरावी आणि निघावे, त्यात सांगण्यासारखे काय, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटत होते. पण यादी चोख असूनही माणूस कसा फसतो, हे एका रात्रीने मला शिकवले. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्टचा महिना होता. कॉलेजातले चौदा विद्यार्थी आणि मी असे पंधराजण प्रतापगड पाहून मकरंदगडाकडे निघालो होतो. पार गावावरून कोयनेच्या खोऱ्यात यायचे, चतुरबेटच्या अंगाने चढायचे आणि संध्याकाळी घोणसपूरच्या देवळात पथारी टाकायची, असा बेत. सामानाची यादी मी स्वतः केली होती. ओझे कमी व्हावे म्हणून एका प्रकारचे सामान एकाकडे, अशी वाटणी केली. शिधा दोघांकडे, भांडी आणि स्टोव्ह दोघांकडे, औषधे एकाकडे. विजेऱ्या भिजू नयेत म्हणून त्या सगळ्या एका डब्यात घालून तो डबा एकाकडे दिला. कागदावर ही वाटणी इतकी सुबक दिसत होती, की मी ती चार सहकाऱ्यांना दाखवलीसुद्धा. माण तालुक्यातल्या एका मुलाने घरचे घोंगडे आणले होते. "दोन किलोचे ओझे कशाला? ठेव खाली," असे मी त्याला म्हटले. तो, "असू द्या, सर," म्हणाला आणि त्याने ते ठेवले नाही.

चढाला लागलो आणि धुके उतरले. पायाला चपळ होते ते आठजण पुढे गेले. मी शेवटी होतो आणि माझ्याबरोबर सहाजण. त्यांतला एकजण ओढा ओलांडताना घसरला, पाण्यात पडला, घोटा मुरगळला. त्याला धरून धरून चालवण्यात वेळ गेला आणि सातच्या सुमारास गच्च अंधार झाला. विजेऱ्यांचा डबा पुढे. औषधांची पिशवी पुढे. तांदूळ-डाळही पुढेच. आमच्याकडे होते काय, तर दोन मोठी पातेली आणि स्टोव्ह. "सर, तांदूळ पुढं गेल्यात," असे एकाने सांगितले तेव्हा पहिल्यांदा आम्ही हसलो. मोबाइल होते, पण दोन भिजून बंद पडलेले आणि बाकीच्यांची बॅटरी फोटो काढण्यात गेलेली. एकाचा उजेड अर्धा तास पुरला, एवढेच.

हसणे फार वेळ टिकले नाही. पडलेला मुलगा आतपर्यंत भिजला होता. सॅकमधले त्याचे कोरडे म्हणवणारे कपडेही भिजलेले. वारा सुटला तसा तो कुडकुडू लागला आणि थोड्या वेळाने त्याची जीभ जड झाली. विचारलेल्या प्रश्नाला धड उत्तर येईना. तेव्हा मात्र माझे हातपाय गळाले. सह्याद्रीत काही बर्फ पडत नाही. पण ओले अंग आणि वारा एकत्र आले, की पंधरा अंश तपमानातही शरीराची ऊब धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते, हे मी वाचले होते. वाचलेले आता समोर बसलेले होते. आम्ही त्याचे ओले कपडे काढले आणि मी "ठेव खाली" म्हटलेल्या त्या घोंगड्यात त्याला गुंडाळला. दोघे त्याला दोन्ही बाजूंनी चिकटून बसले. नऊच्या सुमारास घोणसपूरचे दोघे ग्रामस्थ बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन खाली आले. पुढची मुले वर पोचली होती आणि त्यांनी गावात सांगितले होते. त्यांतल्या वयस्कर गृहस्थांनी पहिला प्रश्न केला तो असा : "गुरुजी, पोरं मोजली का?" मी मोजली नव्हती. अंधारात, एकेकाच्या डोक्याला हात लावून, त्यांनीच मोजली.

मुलगा सकाळपर्यंत ठणठणीत झाला. कुणाला काही झाले नाही. पण गावातल्या एका घरी चुलीपुढे बसून गरम चहा घेताना माझ्या मनात एकच विचार येत होता. आमच्याकडे काहीच कमी नव्हते. पंधरा विजेऱ्या होत्या, भरपूर शिधा होता, औषधे होती. फक्त ज्याला ज्या घटकेला जे हवे होते, ते त्याच्याजवळ नव्हते. मी प्रकार पाहून वाटणी केली होती, माणूस पाहून केली नव्हती.

सांगायचे तात्पर्य हे, की घोळक्याच्या सामानाचे आधी दोन भाग करावे लागतात. ज्यावाचून एकटा माणूस एक रात्र काढू शकत नाही, ते ज्याचे त्याच्या पाठीवरच पाहिजे. ते कधीही दुसऱ्याकडे द्यायचे नाही. आणि ज्यावाचून सगळ्यांचे एक वेळचे अडते, ते वाटून घ्यायचे. या दोहोंची गल्लत झाली, की ओझे कमी होते आणि धोका वाढतो.

हे काही मी नवीन सांगत नाही. आपल्याच मुलखात पाहा. माण-खटावचे, आटपाडी-जतचे धनगर मेंढरे घेऊन मैलोन् मैल जातात. बिऱ्हाड असते घोड्यावर : भांडी, पीठमीठ, कोंबड्यासुद्धा. ते बिऱ्हाड पुढच्या मुक्कामाकडे निघते. पण मेंढरामागून चालणाऱ्या माणसाला विचारा. खांद्यावर घोंगडे, हातात काठी, भाकरीचे फडके आणि पाणी त्याच्याजवळ असतेच. घोडे चुकले, वाटेत रात्र झाली, तरी त्याचे अडत नाही. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी सातारा जिल्ह्यातून जाते, तेव्हाही हेच दिसते. दिंडीचे तंबू, शिधा, मोठी पातेली ट्रकमधून पुढे जातात; पण प्रत्येक वारकऱ्याच्या खांद्याला पिशवी असते आणि तिच्यात पाणी आणि पावसाचा कागद असतो. फार दूरचेही उदाहरण घ्या. १९५३ साली एव्हरेस्टवर गेलेल्या मोहिमेचे सामान शेकडो हमालांनी वाहून नेले होते. पण २९ मे रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखराकडे निघाले, तेव्हा प्रत्येकाचा प्राणवायू त्याच्या स्वतःच्या पाठीवर होता.

आता प्रत्यक्ष बांधाबांध. घरात किंवा कॉलेजच्या एखाद्या खोलीत जमिनीवर चादर अंथरा आणि सामानाचे तीन ढीग करा.

पहिला ढीग सोबतीचा. हा माणसापासून कधी वेगळा व्हायचा नाही. दोन लिटर पाणी; एक वेळ भागेल असे कोरडे खाणे, म्हणजे दशमी, गूळ-शेंगदाणे, लाडू, खजूर यांपैकी काही; एक विजेरी, आणि तिचे जादा सेल वेगळ्या पुडीत; पावसाचा कोट किंवा प्लॅस्टिकचा मोठा कागद; एक लोकरीचा स्वेटर; शिट्टी; काड्यापेटी; स्वतःचे नेहमीचे औषध असेल तर ते. शिवाय एक चिठ्ठी. तिच्यावर स्वतःचे नाव, रक्तगट, घरचा दूरध्वनी क्रमांक, वाटेतल्या गावांची नावे आणि एकूण माणसे किती, हे लिहिलेले असावे. मोबाइलमध्ये सगळे असते, हे खरे. पण दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते आणि रेंज शोधता शोधता त्याची बॅटरी संपते. म्हणून डोंगरात शिरताना तो विमानातल्यासारखा बंद ठेवावा आणि कागदावर विश्वास ठेवावा.

दुसरा ढीग मुक्कामाचा, पण स्वतःचा. अंथरूण-पांघरूण, एक जादा कपड्यांचा जोड, दोन जोड मोजे, ताटली-पेला. यातले काही कमी पडले तर गैरसोय होते, जीव जात नाही. म्हणून कात्री चालवायची ती इथे. दोन दिवसांसाठी तीन सदरे लागत नाहीत. साबण, अत्तर, सुगंधी फवारे तर घरीच ठेवा. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या माश्यांची पोळी असतात, आणि उग्र वास आणि धूर या दोन्ही गोष्टी त्यांना चिडवतात.

तिसरा ढीग सामाईक. शिधा, भांडी, स्टोव्ह आणि इंधन, ताडपत्री, दोर, औषधांची पेटी. बाराजणांचा दोन दिवसांचा हिशेब करून पाहू. खिचडी दोन वेळा. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ धरले तर दोन किलो चारशे ग्रॅम, आणि डाळ सुमारे एक किलो. सकाळचे पोहे नऊशे ग्रॅम. कांदे-बटाटे दोन किलो, तेल अर्धा किलो, चहा-साखर पाऊण किलो, मीठ-मसाला वगैरे अर्धा किलो. शिधा झाला आठ किलो. दोन पातेली आणि पळी-झाकण चार किलो, स्टोव्ह आणि इंधन अडीच, ताडपत्री तीन, दोर दोन, औषधे एक. सगळे मिळून साडेवीस किलो. बारांनी भागा. माणशी पावणेदोन किलोसुद्धा येत नाही! आणि हेच प्रत्येकाने आपापले आणायचे ठरवले तर बारा पातेली आणि बारा तेलाच्या बाटल्या गडावर जातील.

पहिल्या दोन ढिगांचे वजन, सॅक धरून, आठ किलोच्या आत बसवता येते. त्यात दोन किलो नुसते पाणीच असते. म्हणजे एकूण ओझे दहा किलोच्या आत राहिले. मुक्कामाच्या चालीत ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावे, असा साधारण दंडक आहे. पन्नास किलोच्या मुलाला दहा किलो म्हणजे शेवटची मर्यादा झाली. हे अंदाजाने ठरवू नका. घरातला वजनकाटा घ्या आणि प्रत्येकाची सॅक तोला. सगळ्यांना सारखे ओझे म्हणजे न्याय, अशीही समजूत करून घेऊ नका. पंचाहत्तर किलोच्या पैलवानाने सामाईकातले चार किलो उचलावे आणि पंचेचाळीस किलोच्या मुलीने मिठाची पुडी उचलावी, यात कुणाचाही अपमान नाही.

सामाईक सामान वाटताना आमच्या त्या रात्रीची आठवण ठेवा. तुकडी केव्हातरी दोन भागांत फुटणार, हे गृहीत धरूनच वाटणी करा. एक पातेले, त्याबरोबरचे तांदूळ आणि चूल पेटवायचे साधन पुढच्या अर्ध्या मंडळींत, तसेच दुसरे मागच्यांत. औषधांच्याही दोन पुड्या करा आणि मोठी पुडी शेवटी चालणाऱ्याकडे द्या. कारण जो दुखावतो तो मागे पडतो, पुढे जात नाही. दोराबद्दल एकच सांगतो : गाठ मारता येणारा माणूस बरोबर असेल तरच दोर घ्या, नाहीतर ते दोन किलोचे निव्वळ ओझे आहे.

सॅक भरण्याचीही एक रीत आहे. आधी आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला आणि सगळे सामान त्या पिशवीत भरा. वरून घातलेले आवरण वाऱ्याने उडते. आतली पिशवी उडत नाही. तळाला हलके अंथरूण. जड वस्तू, म्हणजे शिधा आणि भांडी, पाठीला लागून आणि खांद्यांच्या फळ्यांच्या मधोमध. जड वस्तू बाहेरच्या अंगाला गेली, की सॅक मागे खेचते, माणूस पुढे वाकतो आणि तासाभरात कंबर बोलू लागते. कमरेचा पट्टा असेल तर तो घट्ट आवळा. म्हणजे बराचसा भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो. सोबतीचा ढीग सर्वांत वर किंवा बाजूच्या कप्प्यांत ठेवा, अंधारात चाचपडूनही हाताला लागेल असा. बाहेर काही लोंबकळू देऊ नका. करवंदीच्या जाळीत पातेले अडकले, की माणूसही अडकतो.

यानंतर मुलूख आणि ऋतू. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि दहिवडीकडे तो पाचशेच्या आसपास असतो. तेव्हा एकच यादी दोन्हीकडे चालणार कशी? पश्चिमेकडे जाताना कोरडे राहण्याची तयारी करायची आणि जळवांसाठी मीठ-हळदीची पुरचुंडी बरोबर ठेवायची. पूर्वेकडे महिमानगड, वारूगड किंवा सांगली जिल्ह्यातला बाणूरचा भूपाळगड गाठायचा असेल, तर ओझे वाहायचे ते पाण्याचे. दोन लिटरांचे चार लिटर करा आणि त्या प्रमाणात बाकीचे कमी करा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहण्याबद्दल बजावले आहे. गड चढणाऱ्यानेही तेच करावे. टाक्यात पाणी आहे का, हे पायथ्याच्या गावात विचारल्याशिवाय वर जाऊ नये. आणि ते पाणी उकळून किंवा शुद्धीकरणाचे औषध घालूनच प्यावे.

वासोट्याची गोष्ट आणखी निराळी आहे. बामणोलीहून लाँचमधून शिवसागर ओलांडून तिथे जावे लागते. तो गड कोयना अभयारण्यात येतो आणि कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालेला आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही, मुक्काम करता येत नाही, आणि बरोबर नेलेल्या प्लॅस्टिकच्या वस्तूंची मोजदाद होते. अशा ठिकाणी जाताना यादीतली पहिली वस्तू म्हणजे परवाना. दुसरी म्हणजे कचरा परत आणायची पिशवी.

औषधांच्या पेटीत काय असावे? जंतुनाशक, कापूस, निरनिराळ्या मापांच्या पट्ट्या, मुरगळलेल्या सांध्यासाठी ताणणारी पट्टी, तापाच्या गोळ्या आणि जलसंजीवनीची पाकिटे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असू द्या. सर्पदंशावर पेटीत औषध नसते आणि पातेही नको. जखम कापणे, आवळून बांधणे, चोखणे यातले काहीही करू नये. रोग्याला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि उचलून रुग्णालयात न्यावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक प्रत्येकाच्या चिठ्ठीवर असलाच पाहिजे.

आता एक सूचना, जी कुठल्याही यादीत नसते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना सॅकसकट एकत्र बोलवा. प्रत्येकाला आपल्या सॅकमधून सोबतीचा ढीग डोळे मिटून काढायला सांगा. विजेरी सापडली? पेटली? शिट्टी वाजली? ज्याची सापडली नाही त्याने सॅक पुन्हा भरायची. मुले हसतात, खेळ समजतात. हसू द्या. हा खेळ दिव्याखाली खेळलेला बरा.

आणि मग चालू लागल्यावर प्रत्येक विसाव्याला एक काम नेमाने करा. सामान मोजण्याआधी माणसे मोजा. मी हल्ली मुलांना घेऊन निघतो, तेव्हा पहिला आकडा पहिल्याने म्हणायचा, दुसरा दुसऱ्याने, आणि शेवटचा आकडा मी म्हणतो. तो आकडा जुळल्यावाचून कुणी सॅक पाठीला लावत नाही. घोंगडे आणणाऱ्यालाही मी आता काही म्हणत नाही.